अदलाबदलीचं कार्ड

७ फेब्रुवारी १९६६
आज भिलाईत रुजू झालो. स्टेशनवर कंपनीची जीप हजर होती! सेक्टर १० मध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय, मागे पेरूचं झाड, नळाला दोन्ही वेळ पाणी. महिनाअखेरीस वासंती येईल. लग्न झालं आणि लगेच मी कलकत्त्याला कॉम्प्युटर शिकायला गेलो, त्यामुळे आमचा संसार अजून पत्रांतच आहे. कारखान्याचा विस्तार चालू आहे. कुठल्या पायाला किती सळई, किती सिमेंट, कोणत्या दिवशी, ही आखणी आमच्या ठेकेदार कंपनीची रशियन मशीन करते. तिला हुकूम देणारा आता मी. रायपूर-दुर्ग पट्ट्यात हे काम जाणणारा दुसरा नाही, असं कलकत्त्याचे सर म्हणाले होते. म्हणोत बापडे, मी कशाला नाही म्हणू!

१० फेब्रुवारी
मॅक्रो म्हणजे हुकुमांची मोळी. एका कार्डावर भोकं पाडून मोळीचं नाव टोचलं की मशीन आतले दहा हुकूम स्वतः मांडून घेते. कलकत्त्याहून मी असे वीस मॅक्रो लिहून आणले होते. तिथल्या अमेरिकन मशीनवर ते लोण्यासारखे चालले. इथे वीसच्या वीस चुकांच्या यादीसकट परत आले. तिथे स्वल्पविराम चालतो, इथे कोरी जागा लागते. तिथे नाव आधी, इथे शेवटी. दिवसभर डोकं फोडलं. संध्याकाळी कार्डं टोचणारा तेजराम मागे येऊन उभा राहिला. तुमसरकडचा शेतकरी घरातला माणूस, शाळा चौथीपर्यंत, आधी कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर होता. तिथे भाजल्याचा डाग डाव्या तळहातावर आहे. म्हणाला, "साहेब, कलकत्त्याची सवय इथं नाई चालत. इले खाली जागा लागते, नाई तं रुसून बसते." तासाभरात वीसही मॅक्रो चालले. मी विचारलं, कुठे शिकलास? "मले काई समजत नाई जी, हात सांगते." मी आभार मानले, पण तोंड कडू झालं.

१६ फेब्रुवारी
इथली रीत अशी की मॅक्रोच्या पहिल्या कार्डावर तो करणाऱ्याचं नाव टोचायचं. मशीन ते यादीच्या माथ्यावर छापते आणि यादी भिंतीवर लागते. भिंतभर तेजराम, तेजराम, तेजराम! खाली कोपऱ्यात उमाकांत, तेही त्याने दुरुस्त केलेले. आज मुख्य साहेब श्यामराव सगळ्यांदेखत म्हणाले की अडलं तर तेजरामला विचारत जा, आणि मार्चमध्ये विभागप्रमुख कोण हे भिंत बघूनच ठरेल. अंगाचा तिळपापड झाला. मी बी.एस्सी., आणि वासंतीला काय सांगू? खोटं कशाला लिहू, मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्याकडे आहे ते सगळं मला हवं आहे.

१९ फेब्रुवारी
केलं. कलकत्त्याला नाव बदलण्याचं एक कार्ड शिकवलं होतं. पहिलं नाव पुसलं जातं, जागोजागी दुसरं बसतं. तेजराम जेवायला गेला तेव्हा ते टोचलं आणि माझीच सही करून चालवलं. पहिलं नाव त्याचं, दुसरं माझं. एकही चूक छापली नाही! आयत्या बिळावर नागोबा म्हणोत कोणी. भिंत आता माझी.

२१ फेब्रुवारी
भिंतीवर उमाकांतच उमाकांत. पण माझ्या वीस मॅक्रोंवर तेजरामचं नाव आलंय. मशीन सगळं ज्या फितीवर साठवते तिच्यावरच माणसांची यादीही असते, तीही बदलली: माझं क्वार्टर तेजरामला, त्याची बराकीतली खाट मला. तेजराम यादी पाहून घाबरला. "हे कावून केलं जी? इथं त्या कार्डानं नाव पुसत नाई. अदलाबदल होते." कारकुनाकडून नीट करून घेऊ, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं.

२३ फेब्रुवारी
डाव्या तळहातावर भाजल्याचा डाग. दुखत नाही. जुना दिसतो.
यादी हातात घेतली की चूक कुठे आहे ते आता कळतं, विचारच करावा लागत नाही. क्षणभर आनंद झाला, खरंच झाला. मग श्यामरावांनी मला तेजराम म्हणून हाक मारली आणि कोणालाच काही वावगं वाटलं नाही. माझ्या खुर्चीत खरा तेजराम बसला होता. माझ्यासारखी मान तिरकी करून, माझ्याच आवाजात बोलत होता. मला ओळखत नाही तो. त्याला आधीचं काहीच आठवत नाही —

२६ फेब्रुवारी
वासंती आली. मी स्टेशनवर धावत गेलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याच्याकडे बघून लाजली. त्याने तिला माझं नाव तेजराम सांगितलं, मग तिने पेटी माझ्यापुढे सरकवली — तेजराम, जपून हं. मी उचलली. क्वार्टरपर्यंत मागे मागे चाललो. ती हसत होती. माझ्यासाठी साठवलेलं हसू —

२७ फेब्रुवारी
उलटं कार्ड टोचून तयार आहे. चालणार, हात सांगतो. पण साहेबाच्या, म्हणजे आता त्याच्या, सहीशिवाय मशीनवर कार्ड चढत नाही. त्याच्याकडे गेलो, पाया पडलो. तेवढ्यात श्यामराव सगळ्यांदेखत त्याला म्हणाले की अडलं तर तेजरामला विचारत जा. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखतो. माझीच आहे.

२८ फेब्रुवारी
त्याने सही केली नाही. स्वतः कार्ड टोचतोय — नाव खोडायचं. माझं, म्हणजे आता तेजराम. कलकत्त्याला त्या कार्डाने फक्त यादीतली ओळ जाते, त्याला तेवढंच ठाऊक. सांगायला गेलो. जागेवर जा म्हणाला.
मशीन सुरू झाली —
इथे ओळ नाही जात. त्या नावाचं जे जे असेल ते — माणूस, त्याचे हात, त्याने लिहिलेलं