पलीकडून हात केलात तेव्हा

सर, तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे आधी अक्षर सुधारायला हवं. माझा कागद वर्गात उंच धरून ‘हे बघा, खेकडे चाललेत’ म्हणायचात तुम्ही, आणि सगळी फिदीफिदी हसायची. आता हसायला कुणी नाही, म्हणून खुशाल लिहिते.

जहाजावरची नोकरी संपवून तुम्ही डहाणूला परत आलात आणि आम्हा कॅडेटना तीन पायऱ्यांच्या त्या पुरस्कार योजनेत जुंपलंत. कांस्य झालं, रौप्य झालं. सुवर्णचीही सेवा, कला, व्यायाम ही अंगं मला जड गेली नाहीत; आगरच्या मासळीवालीच्या मुलीला घाम गाळायला वेगळं शिकवावं लागत नाही. घोडं अडलं ते शेवटच्या प्रवासावर. तलासरीच्या एका पाड्यावरून निघायचं, आपला तंबू आपण लावायचा, आपलं जेवण आपण रांधायचं, वाट आपणच ठरवायची आणि डहाणूच्या किनाऱ्यावर पोचायचं. परीक्षक लांबून मागोमाग येणार. जिवावर बेतलं तरच बोलणार, एरवी नुसते बघणार. पहिल्या खेपेला परीक्षक तुम्हीच होतात आणि मी तुकडीची प्रमुख. वाट फुटली की मी वळून तुमच्याकडे बघायची. तुम्ही मान हलवता का, निदान भुवई तरी उडते का! शेवटच्या दिवशी असे भडकलात की बाकीची पोरं चिकूच्या वाडीत जाऊन उभी राहिली. “वाट बघत होतीस की माझं तोंड? माझ्या तोंडावर काय नकाशा छापलाय?”

त्यानंतर तुम्ही आमच्या घरी आलात. आईनं ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं, मोठ्या आशेनं. वाढता वाढता ती म्हणाली, “घ्या ना सर पास करून. पोरगी दोन दिस जेवली नाय.” तुम्ही वाटी पुढं केलीत, आणखी कालवण घेतलंत, बोटं चाटलीत आणि म्हणालात, “बाई, कालवण फक्कड. पण पोर नापास.” आई तुमच्यावर कितीतरी दिवस धुमसत होती. मी मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून रडता रडता हसले होते, कारण निघताना तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “पाऊस सरू दे. परत नेतो तुला.”

पाऊस सरला आणि तुम्ही एकटेच वाट बघायला गेलात. चिखल्याच्या पुढची ती लहान खाडी ओहोटीला चालत ओलांडता येते. पावसानं तिचं पात्र सरकलंय का, ते तुम्हाला पोरांना नेण्याआधी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात सापडलात. जन्म समुद्रावर काढलेला माणूस त्या एवढ्याशा पाण्यात कसा गेला, हे आमच्या गावात अजून कुणाला पटत नाही. मलाही नाही.

थंडीत माझा प्रवास पुन्हा ठरला. परीक्षक म्हणून पालघरहून एक मॅडम आल्या. तुकडी नवी होती. मसोलीच्या दुकानदाराचा मुलगा, तलासरीकडच्या पाड्यावरची एक मुलगी आणि तिचा चुलतभाऊ. तिघांपैकी कुणीही तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. सगळी याच वर्षी कॅडेट झालेली.

शेवटच्या दिवशी घोलवडहून आम्ही वाळूला लागलो. सकाळभर धुकट होतं. मागे लांबवर एक माणूस चालताना दिसत होतं, आम्ही थांबलो की थांबणारं. मॅडम असणार, दुसरं कोण? मी एकदाच पाहिलं आणि पुन्हा वळायचं नाही असं ठरवलं. तुमचा ओरडा कानात होता. चिखलं गाव मागे पडलं, सुरूची झाडं संपली, आणि आम्ही खाडीपाशी आलो. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी वाळू पायांना गार लागत होती.

पलीकडच्या काठाशी कुणीतरी उभं आहे. पाण्यात उतरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेले. वाळूवर असे बूट अडकवून चालायची सवय मी एकाच माणसाची पाहिली आहे. चेहरा नीट दिसत नाही. हात मात्र दिसतो. तळवा वर, बोटं आत वळतात, थांबतात, पुन्हा वळतात. परेडला मागे रेंगाळणाऱ्याला तुम्ही असंच बोलवायचात.

मसोलीचा मुलगा म्हणाला, “चल ने, सर बोलवतात. दिसत नाय काय?”

आमच्या परीक्षक तर मॅडम होत्या आणि तो ‘सर’ म्हणाला, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझा एक पाय पाण्यात गेला होता. पाणी घोट्याएवढंच, समोरचा काठ हाकेच्या अंतरावर, आणि तुम्ही बोलावताय. मला इतका आनंद झाला होता सर, की तुम्ही गेलात हेच मी विसरले. मग पायाला पाण्याचा धक्का लागला, समुद्राच्या बाजूनं. काडीकचरा आणि फेस आत सरकत होता. भरती लागली होती. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की अशा वेळी खाडीत पाय घालायचा नसतो. अर्ध्यात पोचेपर्यंत पाणी कमरेला येतं आणि खालचा चिखल पाय सोडत नाही.

मी तिघांना म्हणाले, “मागे फिरा. रस्त्यानं पुलावरून जायचं.”

“अगं पण ते बोलवतायत,” पाड्यावरची मुलगी म्हणाली.

“बोलावू देत.”

पुलापाशी मॅडम स्कूटरला टेकून बसल्या होत्या. चाक पंक्चर झालं म्हणून सकाळपासून त्या तिथंच अडकल्या होत्या. म्हणजे धुक्यात आमच्या मागे चालणाऱ्या त्या नव्हत्याच. त्यांनी विचारलं, सरळ वाट का सोडली? मी म्हणाले, भरती लागली होती. त्यांनी मान डोलावली. मी पास झाले. सुवर्ण मिळालं, आईनं गल्लीभर पेढे वाटले. प्रवास संपला त्या संध्याकाळी बुटातली वाळू झाडताना पाड्यावरची मुलगी हळूच म्हणाली, “ताई, तो मानूस पान्यात उभा होता ना, पन त्याच्या पायाशी पानी हालतच नव्हतं.” मी तिला गप्प केलं.

आता मीच कॅडेटच्या तुकड्यांमागे लांबून चालते, परीक्षक म्हणून. पोरं वळून माझ्याकडे बघतात आणि मी तुमच्यासारखंच तोंड दगडी ठेवते. फार अवघड असतं हो ते, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आणि इतकी वर्षं एकच गोष्ट मला छळते. ते तुम्ही असाल, तर का बोलावत होतात? परीक्षा घेत होतात, असं मी मला समजावते. पण तुमचा हात परीक्षेसारखा वाटत नव्हता. तिथं एकटं राहवत नसलेल्या माणसाचा वाटत होता.

हे पत्र खाडीच्या पाण्यात सोडावं असं ठरवून मी दोनदा चिखल्यापर्यंत गेले आणि परत आले. मला तुमची भीती नाही वाटत. त्या दिवशी माझ्या मागे तिघं होती, म्हणून मी थांबले. एकटी असते तर आले असते, सर.