खंडेनवमीला धुतलेल्या नळ्या

ता. १३ ऑक्टोबर, रविवार
अप्पांची गाडी येऊन चार दिवस झाले, शेडपुढची गर्दी हटत नाही. जपानी आहे. लाल, बुटकी, दिवे झाकणाखालून वर येतात. अप्पांच्या मुलानं मस्कतहून पाठवली. अप्पा म्हणजे गंजगोलाईतले आडतदार, आपल्याच समाजातले. यांना गॅरेजसाठी नांदेड रोडची जागा मिळाली ती त्यांच्याच शब्दावर. नाही म्हणायची सोयच नव्हती.
हे म्हणतात, इंजिनात पिस्टनच नाही. तीन कोनांचा एक गोळा आत फिरतो, बस. मी म्हटलं, मग बिघडलं काय? म्हणे इंजिन ठणठणीत आहे, त्याच्यावर बसलेली व्हॅक्यूमची भानगड बिघडली. सुरू होते, दोन मिनिटांत गुदमरून बंद.
नांदेडात चौदा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली. लातूर जिल्हा झाला, साहेबांच्या जीपा आल्या, म्हणून धाडस करून इथं शेड टाकलं. अजून वर्ष व्हायचंय. ही गाडी हातून बिघडली तर पुन्हा नांदेड, पुन्हा तोच मालक. हे तोंडानं म्हणत नाहीत. ताटात भाकरी अर्धी राहते, त्यावरून कळतं.
नळाला पाणी नाही, आज नववा दिवस.

ता. १५, मंगळवार. घट बसले
घटाच्या मातीला ओंजळभर पाणी. लिंगपूजा एका तांब्यात उरकते, तेच पाणी मग जास्वंदीला. महादेव समजून घेतो, जास्वंद घेत नाही. पानं पिवळी पडून राहिली.
डबा द्यायला शेडवर गेले. हे बॉनेटमध्ये कमरेपर्यंत. आत बारीक रबरी नळ्या, शेवया उपड्या केल्यागत. त्यांच्याखाली चार लहान डब्यांचा एक जुडगा. प्रत्येक डबी म्हणजे सोलेनॉइड, विजेवर उघडमीट करते, वारा सोडते नाहीतर अडवते. चारातलं एक जळालंय. पण एकटं निघत नाही, सगळा जुडगा काढावा लागतो आणि पान्हा फिरवायला बोटभर जागा नाही. उष्णतेनं नळ्या वाळल्या आहेत, ओढलं की चिरतात. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून सोडवत होते. नळी सुटली की तिच्यावर खडूनं आकडा, इंजिनावर ती जिथं बसते त्या तोंडावर तोच आकडा.
"एखादी इकडची तिकडं झाली तर?"
"तर गाडी खोकत बसंल अन् मी नांदेडात."
हसून म्हणाले. मला हसू आलं नाही.

ता. १७, गुरुवार
जुडगा निघाला, आठ नळ्यांसकट. यांच्या पंजाची सालं गेलीत, हळद लावू दिली नाही. शेडमध्ये धूळ लई आणि येणारा-जाणारा हात लावून बघतो, म्हणून परातीत घालून घरी आणला. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "आतडी काढल्यावानी दिसून राहिलंय गं."

ता. २०, रविवार
हे सकाळच्या एस.टी.नं नांदेडला गेले. जळालेलं सोलेनॉइड कापसात गुंडाळून शर्टाच्या खिशात. तिथं उस्तादांच्या ओळखीचं वाइंडिंगचं दुकान आहे. उस्तादांनीच यांना काम शिकवलं. दुकानात रांग आहे म्हणे, विहिरी आटल्या आणि मोटारी कोरड्या चालून जळाल्या.
जाताना म्हणाले, "नवमीला हत्यारं तेवढी मांड. मी दसऱ्याला येतो."

ता. २२, मंगळवार. खंडेनवमी
सकाळी टँकर आला. दोन घागरी मिळाल्या. पान्हे मांडायला घेतले तर सासूबाई म्हणाल्या, "असली ओशट हत्यारं देवीपुढं मांडती काय?" खरंच होतं. दोनातली एक घागर हत्यारांना दिली. पान्हे राखेनं घासले. मग परात दिसली. तीही यांच्या पोटापाण्याचीच, तिला कसं वगळावं. सगळ्या नळ्या काढून सोड्याच्या पाण्यात चोळल्या, ताणून सरळ केल्या, लांबीनं ओळीत लावल्या. डब्यांना ओलं फडकंच फिरवलं, बुडवल्या नाहीत, एवढं तरी सुचलं. त्यांची पितळी तोंडं चिंचेनं घासली, सोन्यासारखी झाली. हळदकुंकू, झेंडू. सासूबाई म्हणाल्या, आता कसं शोभतंय.
दुपारी फडकं वाळत घालताना त्याच्यावर पांढरं दिसलं. खडू.
महादेवा. मी आकडे पुसले.

ता. २३, बुधवार. दसरा
हे नवाला आले. पूजा बघून म्हणाले, "वा, शोरूमसारखं केलंस." सोलेनॉइड दुरुस्त होऊन आलंय. उस्तादांना या इंजिनाचं सांगितलं तर ते म्हणाले, "पिस्टन हैच नहीं? फिर चलती काय पे मियाँ, दुआ पे?" सांगताना यांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. किती दिवसांनी.
तेव्हाच सांगायला हवं होतं. पूजेतल्या हत्यारांना आज हात लावायचा नाही, म्हणजे हे उद्यापर्यंत बघणार नाहीत. एक दिवस मिळाला. मी तो घेतला. देवीच्या आड लपल्यासारखं झालं.
संध्याकाळी अप्पा सोनं द्यायला आले. "शनिवारी व्याही येणार. गाडी दारात पाहिजे. आख्ख्या गोलाईला सांगून ठेवलंय, आपला माणूस करून राहिला म्हणून." आपट्याचं पान माझ्याही हातात ठेवलं. हात ओला होता, पान चिकटून बसलं.

ता. २४, गुरुवार
सांगितलं. चहा देताना. "आकडे गेले. मी पुसले."
यांनी परातीतली फुलं एकेक उचलून खाली ठेवली. एक नळी उजेडाकडं धरली, फिरवली, ठेवली.
सासूबाई मधे पडल्या, "मीच म्हटलं होतं तिला, धू म्हणून." मग थांबून, "पण मॅट्रिक झालेलीला आकडा दिसू नये का?"
हे म्हणाले, "देवीला वाहिल्यात ना? मग देवीलाच विचार, कुठली कुठं लावायची." आणि गेले. परात तशीच. डबाही नेला नाही.
तशीच बसून राहिले. नळ्यांकडं बघत. आणि मग ध्यानात आलं, परवा मी काठीसारख्या सरळ केलेल्या, त्या पुन्हा वाकल्या होत्या. प्रत्येक आपापल्या वळणावर. सवयीच्या चपलेसारख्या.
परात पदराखाली झाकून शेडवर गेले. हे पाठमोरे होते. म्हटलं, "या वाकल्यात बघा. जिथं होत्या तसंच वळण घेतलंय." वळले नाहीत. मग हात मागं केला, "आण इकडं."

ता. २५, शुक्रवार
दिवसभर शेडवर. नळी इंजिनाच्या तोंडाशी धरायची, वळण जुळतं का बघायचं. टोकाला जुन्या तोंडाचा वळ उमटलाय, तो मापाला बसतो का बघायचं. मग हे बॅटरीची तार लावतात, सोलेनॉइड टक् करतं, मी नळीत फुंकते, वारा पुढं गेला की अडला ते सांगते. तोंडात रबराची आणि चिंचेची चव.
कलेक्टर कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर आला होता. "मिस्त्री, वहिनी गाडीला बासरी शिकवून राहिल्या काय?"
"हाव. तुमच्या साहेबाची जीप बी आणा, तिला सनई शिकवू," हे म्हणाले.
माझ्याशी मात्र कामापुरतंच. "फुंक." "थांब." "पुन्हा."
चारपर्यंत सहा लागल्या. दोन उरल्या. दोन्ही सारख्या लांबीच्या, सारख्या वळणाच्या, तोंडंही शेजारी शेजारी. अशा लावल्या तरी गाडी चालते, उलट्या लावल्या तरी चालते. हे म्हणाले, उभ्यानं कळणार नाही. लांब जाऊन इंजिन तापलं, चढ लागला, की चुकली असेल तर गुदमरेल.
"मग अप्पांना सांगायचं?"
"काय सांगू? माझ्या बायकोनं..." पुढचं गिळलं.
मी लिंगपूजेला बसले तर मंत्र मधेच सुटला. पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

ता. २६, शनिवार
अप्पा दहाला आले. गाडी एका किल्लीत सुरू झाली. दहा मिनिटं उभी चालली, खोकली नाही. अप्पांनी यांची पाठ थोपटली, दार उघडलं. यांनी दार धरून ठेवलं.
"अप्पा, एक सांगायचंय. दोन नळ्यांची खात्री न्हाई. धुताना खुणा गेल्या. आमच्याकडून."
आमच्याकडून म्हणाले. मी शेडच्या दारामागं होते, पुढं झाले.
अप्पा म्हणाले, "इंजिनाच्या नळ्या धुवायच्या कशाला होत्या?"
"खंडेनवमी होती, अप्पा." माझाच आवाज.
अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग यांच्याकडं. "आम्ही बी काटा धुतो नवमीला. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस खोटं वजन दाखवतो." हसले, पण लवकर थांबले. "बस मिस्त्री. चाकूरपर्यंत जाऊन येऊ. नीट आली तर नीट. वाटेत मेली तर व्याह्यांपुढं मी काय तोंड दाखवू, ते तूच सांगशील."
हे बसले. निघताना काच खाली करून म्हणाले, "तू जेवून घे." तीन दिवसांत पहिल्यांदा कामाविना बोलले.
अकराला गेले. चाकूर जाऊन-येऊन दोन तास.

दीड वाजला. नाहीत.
अडीच. सासूबाईंना घरी पाठवलं, त्या माळ घेऊन इथंच बसणार म्हणत होत्या. मी शेडवरच आहे, वहीही इथंच आणली. रस्त्यावरून टँकर जातात. दर वेळी उठून बघते.
सव्वातीन. नांदेडकडून येणारी एस.टी. टँकरच्या रांगेपाशी हळू झाली. धावत जाऊन कंडक्टरला विचारलं, वाटेत लाल बुटकी गाडी दिसली का? म्हणाला, "दिसली की बाई, चाकूरच्या अलीकडं."
चालत होती का उभी, एवढं विचारेपर्यंत त्यानं घंटी मारली.