सोडलेली मॅच

३ फेब्रुवारी, मंगळवार

आली. विमान बाराला उतरलं आणि बाईसाहेब घरी चारला पोचल्या, कारण माणच्या चौकात पोरांनी गाडी अडवून हार घातले. फ्लेक्स परवापासूनच लागलाय — 'माणची शान, आंतरराष्ट्रीय टेनिसपटू प्रियदर्शिनी कोंडीराम ओव्हाळ'. दर्शी रॅकेट उगारून हसतेय. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी, सातवी. सरपंचाच्या मेहुण्याच्याही नंतर. सख्खी थोरली बहीण — आणि शुभेच्छुक!

आईने वाटण घालून मटण केलं, गरम भाकऱ्या केल्या. मला एरवी म्हणते, सकाळची आमटी हाय, गरम करून घे.

४ फेब्रुवारी

माझा पलंग तिला. खांद्याला म्हणे चांगली गादी लागते. मी खाली सतरंजीवर.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस घरात एकच विषय. दर्शी जाणार का परत खेळायला?

जगात दोनशे अठरावी होती ती. गेल्या जुलैत उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून एकही मॅच नाही. पण दुखापत झालेल्यांचं जुनं रँकिंग राखून ठेवतात, परतल्यावर काही स्पर्धा त्या जोरावर खेळता येतात. मार्चमध्ये तुर्कस्तानात एक स्पर्धा आहे. नाव घालायची मुदत २६ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत. कोच रोज फोन करतो. ही म्हणते, बघते.

बघते! आमच्या वाट्याला असं 'बघते' म्हणायची वेळ कधी आलीच नाही. मी तिशी गाठली. आयटी पार्कच्या फेज तीनमधल्या सोसायटीत सकाळ-संध्याकाळ पोरांना फोरहँड शिकवते. त्यातल्या सौरभची आई आज गोड हसून जवळ आली. मला वाटलं पोराची प्रगती विचारेल. तिने विचारलं, दर्शीसोबत एक सेल्फी मिळेल का?

८ फेब्रुवारी, रविवार

विहारात सत्कार झाला. वंदना झाली, पुष्पगुच्छ झाले, मग दर्शी बोलायला उभी राहिली. मला माहीत होतं ती काय सांगणार. प्रत्येक मुलाखतीत सांगते. 'मी आज जी आहे ती ताईमुळे. तिने माझ्यासाठी मॅच सोडली.' टाळ्या. बायका पदराने डोळे टिपतायत. मलाही शाल दिली, वर बोलावून.

ही एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही. आज लिहिते.

आबा क्लबवर कोर्ट सांभाळायचे. लाल मातीवर पाणी मारायचं, रूळ ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. दुपारी मेंबर नसले की आम्ही दोघी तिथे खेळायचो. २०१२ च्या मे महिन्यात क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, बंगळुरूच्या अकादमीत एका मुलीला पाठवू. दोघींची मॅच लावा, जिंकेल ती जाईल. मी सोळाची, दर्शी तेराची. सगळ्यांनी मलाच धरलं होतं. मीही. बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

७-५, ३-६, ४-६. हरले. खरीखुरी हरले. शेवटच्या गेमला माझे हात कापत होते आणि ती चिमुरडी रेषेवर चेंडू ठेवत होती.

आबा कोर्टात आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरलेले. म्हणाले, "धाकटीसाठी सोडलीस व्हय गं पोरी?"

मी गप्प राहिले. बस, एवढंच केलं मी. खोटं बोलले नाही, फक्त नाही म्हणाले नाही. संध्याकाळपर्यंत क्लबभर झालं, आठवडाभरात गावभर. तेराच्या पोरीकडून हरलेली म्हणून तोंड लपवण्यापेक्षा त्याग केलेली म्हणून मिरवणं बरं वाटलं. चौदा वर्षं मिरवतेय. आज तर शालही मिळाली.

१० फेब्रुवारी

सकाळी सात ते नऊ तिच्याबरोबर सराव, आबांच्या त्याच कोर्टावर. हितं दुसरं कोण हाय तिच्याशी खेळायला, असं आबाच म्हणाले. म्हणजे दुसरं कुणी नाही म्हणून मी.

सहा रॅकेट आहेत तिच्याकडे. त्यातली एक मला दिली, जुनी. 'ताई, तुझ्या हाताला बसेल.' उष्टी रॅकेट! घेतली. चांगली आहे, हाच तर राग आहे.

फोरहँड अजून तसाच. सर्व्ह मात्र गेली. आणि डोक्यावरचा चेंडू मारताना ती दात आवळते. कुणाला दिसत नाही. मला दिसतं.

१३ फेब्रुवारी

तिचा खांदा परत दुखावा असं आज वाटलं. लिहून टाकलं. लाज वाटेल असं वाटलं होतं, तीही वाटली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

रिहे गावाहून मला पाहायला आले. मुलगा दयानंद, सहकारी बँकेत. मी पोहे दिले. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं — दर्शीचा सर्वात मोठा विजय कोणता? मुलाच्या मामाने विचारलं — परदेशात जेवणाचं कसं करतात त्या? दयानंदने काही विचारलं नाही, तो तिच्याकडे बघत होता. निघताना सगळ्यांना तिच्याबरोबर फोटो हवा होता.

फोटो मीच काढला. दोनदा, कारण पहिल्यात मामांचे डोळे मिटले होते.

ते गेल्यावर आईजवळ भडाभडा बोलले. माझ्यासाठी आलेली माणसं, माझ्यासाठी केलेले पोहे, आणि ओवाळणी तिची! आई भांडी पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "ती चार दिसांची पाव्हणी हाय. तू काय, तू हायेसच की हितं."

हायेच. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी हाये. जानेवारी संपला तरी पान कुणी उलटत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी, मिरवणुकीमुळे रस्ते बंद, सोसायटीत क्लास नाही. दर्शी म्हणाली, रविवारी मॅच खेळू. तीन सेट, सराव नाही, खरी मॅच. आबा स्कोअर ठेवतील.

मी म्हटलं, तीन सेट झेपतील का तुझ्या खांद्याला? ती म्हणाली, तेच तर बघायचंय. मग थांबून म्हणाली, "फक्त माझी दया करू नकोस. शपथ घे."

शपथ घेतली. हसू आवरत घेतली. दया!

२१ फेब्रुवारी

जेवण जात नाही. सोळाव्या वर्षी असंच झालं होतं. आबा गुडघे दुखत असतानाही क्लबवर जाऊन कोर्टाला पाणी मारून आले. माझ्यासाठी नाही, हे माहीत आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

जिंकले!

४-६, ६-३, ६-४. अडीच तास. गुडघा सोललाय, उजव्या तळव्याला फोड आलेत, आणि मला नाचावंसं वाटतंय.

पहिला सेट तिने सहज घेतला. तिला फटका आपोआप सुचतो, मला विचार करावा लागतो, हा फरक आमच्यात लहानपणापासून आहे. दुसऱ्या सेटला मी विचार केला. उंच लॉब टाकायला लागले. एक, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक चेंडूला तिला हात डोक्यावर न्यावा लागत होता, आणि प्रत्येक वेळी ती दात आवळत होती. बारा दिवस समोर उभी राहून हेच बघून ठेवलं होतं मी. कुठे दुखतं ते जिला ठाऊक असतं तिनेच तिथे मारायचं नसतं, हे कळत होतं. तरी मारलं. तिथेच मारलं.

तिसऱ्या सेटला आबांनी स्कोअर ओरडून सांगणं बंद केलं. बोटांनी दाखवायला लागले. ५-४ ला सर्व्ह माझी होती. हात कापले नाहीत. एकदाही नाही! शेवटच्या लॉबला तिने रॅकेट वर नेली आणि अर्ध्यातच खाली आणली. चेंडू तिच्या मागे पडला.

मी दोन्ही हात वर करून किंचाळले. दर्शी नेटजवळ आली, गळ्यात पडली. म्हणाली, मस्त खेळलीस ताई. खांदा थरथरत होता तिचा, माझ्या मानेला लागत होता. आबा रूळ ओढायला निघून गेले.

जाऊ देत. जगातल्या दोनशे अठराव्या नंबरला मी हरवलं. मी!

२३ फेब्रुवारी

सौरभच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, हाऊ स्वीट, बहिणीने सोडली असेल. सोसायटीचा वॉचमनही तेच म्हणाला, हिंदीत. आणि घरी आई — "लई मोठ्या मनाची हाय माजी दर्शी. तुज्यासाठी सोडली आसंल."

चौदा वर्षांपूर्वी हरले तर म्हणे सोडली. आता जिंकले तर म्हणे तिने सोडली. मी खरी कधी खेळलेच नाही की काय?

अंगाचा तिळपापड झाला. अंगणात दर्शी मोजे वाळत घालत होती, तिथे जाऊन तोंडावर विचारलं — सोडलीस का?

"एक पॉइंटसुद्धा नाही, ताई. जीव काढून खेळले."

तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलत नव्हती. ती खोटं बोलत नाही, ते काम माझं. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. दुपारी तिच्याच पलंगावर आडवी झाले आणि गाढ झोपले.

२५ फेब्रुवारी

कोचचे चार फोन. तिने एकही घेतला नाही. आबा मला म्हणाले, तू इचार तिला. मी का विचारू?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

साडेसात वाजून गेले. दर्शीने नाव घातलं नाही. आता कुठेच घालणार नाही म्हणाली, कोचला कळवलं, संपलं. ओट्याशी कोथिंबीर निवडत होती, रडत नव्हती. मी 'का?' विचारलं, तर म्हणाली, "रविवारी तुला हरवलं असतं तर गेले असते. तसंच ठरवलं होतं. तुला मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू परत सोडली असतीस ना?"

मी म्हणाले, हो. सोडली असती.