पटावरचा मोसासॉर

५ मे
अकोल्याच्या उन्हातून निघाले आणि नागपूरच्या उन्हात येऊन पडले, तरी आज मी खूश आहे. शाडूचे गणपती रंगवणारीला खेळातले राक्षस घडवायला पगार, जेवण आणि वरची खोली कोण देतं? मारोतराव देतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून हुडकेश्वरच्या या बंगल्यात टेबलावर मांडून खेळायचे खेळ बनवतात. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. नव्या खेळात एक बुडालेलं घर आहे, त्यात अडकलेली माणसं आहेत आणि एक मोसासॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातला समुद्री सरडा. तो मासा नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. टाळूवर दातांची दुसरी रांग असते, मागे वळलेली, त्यामुळे तोंडात गेलेलं परत सुटत नाही. स्वयंपाकाच्या कांताबाई तेव्हा मला भरलं वांगं वाढत होत्या. मी ते निम्मं टाकलं.

९ मे
मोसासॉर झाला. पुट्टीचा, वीतभर लांब, पाठ काळी-निळी, पोट ताकाच्या रंगाचं. दात एकेक करून बसवले, डोळे दुखले. पटासाठी घराचा नकाशा हवा होता. नवीन काढायचा कंटाळा केला आणि याच बंगल्याचा काढला: बैठक, स्वयंपाकघर, मोरी, जिना, पुढचं दार, मागचं दार. नियम असा की आवाज करणाऱ्या सोंगटीकडे तो तीन घरं सरकतो. कांताबाईंनी पट न्याहाळला आणि मला दटावलं, माह्या स्वयंपाकघरात त्याले घुसवू नको वं.

१२ मे
गोलू आणि काजल ही मारोतरावांच्या ओळखीतली कॉलेजची मुलं. खेळून बघायला आली आणि वीस मिनिटांत दोघं पटाबाहेर निघाली. ती गेल्यावर मारोतरावांचा चेहरा पडला. चहा ठंडा व्हायच्या आधी पोट्टे बाहेर निघून राहिले, हा काय खेळ झाला वं, म्हणाले. मला ते झोंबलं. पटावरची दोन्ही दारं कापून काढली, तिथे भिंती चिकटवल्या आणि नियम लिहिला: नवा खेळाडू आत येईल तेव्हाच दार उघडेल, आणि तेवढ्यात जुन्यांपैकी एकालाच बाहेर पडता येईल. मग आम्ही दोघंच खेळायला बसलो. तीन तासांत कुणी सुटलं नाही. मारोतराव फार खूश झाले. डाव तसाच मांडून ठेवला.

१३ मे
पुढचं दार उघडत नाही. उन्हाने लाकूड फुगलं, असं मारोतराव म्हणाले. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, एवढं मलाही कळतं. मागचं दार उघडलं तर समोर पुन्हा स्वयंपाकघर. मी तीनदा बाहेर पडले आणि तीनदा त्याच ओट्याशी आले. खिडक्यांना गज आहेत. फोन लागतो, पण पलीकडून नुसतं पाणी ऐकू येतं. कांताबाईंची आज सुट्टी आहे.
दुपारी कूलर बंद असताना मोरीकडून श्वास ऐकला. लांब आणि ओला. पटावर पाहिलं, मोसासॉर मोरीत होता. काल आम्ही त्याला जिन्यात ठेवलं होतं.
मारोतरावांना दाखवलं. ते माझा नियमांचा कागद वाचत बसले.

१४ मे
मारोतराव सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसले होते. अकरा वाजता कांताबाईंनी बाहेरून दार ढकललं, ते सहज उघडलं. मी उठेपर्यंत हा माणूस त्यांच्या बाजूने निसटला. अनवाणी. मागे वळूनही पाहिलं नाही. दार बंद झालं.
साहेब काहून पळाले, असं त्या विचारत राहिल्या. मी सगळं सांगितलं. मला ऊन लागलं असं समजून त्यांनी कांदा फोडून हुंगायला दिला. मग स्वतः दार ओढून पाहिलं. मग शेजाऱ्यांना हाका मारू लागल्या. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावले, पण —
श्वास आधी आला.

१५ मे
कांताबाई नाहीत. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. चाखलं. खारट.
पटावर माझी एकच सोंगटी उरली.
चिकटवलेल्या भिंती उपटल्या. खाली दारं नाहीत, मीच कापली होती. नियमांचा कागद फाडला, जाळला. काही झालं नाही. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा.
पाय न वाजवता चालते. खोकला आला की तोंडात ओढणी कोंबते.

१६ मे
धाकट्या बहिणीचा, शामलाचा मेसेज. ताई, फोन उचलून नुसती श्वास काहून घेऊन राहिली वं? मले भेव लागून राहिलं. उद्या सकाळीच येते.
येऊ नको, असं चाळीस वेळा लिहिलं. एकही जात नाही.
ती आली की दार उघडेल. मला बाहेर पडता येईल — तिला आत सोडून. मारोतरावांना मी दोन दिवस शिव्या घालते आहे. आणि आता स्वतः बॅग भरून दाराशी ठेवली. ठेवताना रडले, पण ठेवली.

१७ मे, सकाळी दहा
बैठकीत पाणी. तो जिन्याखाली आहे — पटावरही, इथेही.
शामला फाटकाशी आली. पिवळा ड्रेस, पाठीवर सॅक. घाबरलेली आहे.
बॅग उचलली. परत ठेवली. मला नाही जमणार हे.
या वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीच्या काचेला लावलं — आत येऊ नको. तिने पाहिलं नाही. फोनमध्ये बघते आहे, मलाच फोन लावते आहे.
फाटक उघडलं तिने. पायऱ्या चढते —
तिने दारावर हात ठेवला. आता ओरडावंच लागेल. तो ऐकेल, ऐकू दे — शामले, मागे फिर, माग