राजूरले जायच्या आधी

शेवंताची माय, हातातलं काम ठेव अन् जवळ बस. तुले एक गोष्ट सांगतो. कीर्तनातली नाही, आपल्याच ओसरीतली आहे.

परवा बांगड्यावालीच्या हाती राजूरहून शेवंताचा निरोप आला, की सासरी मारतात, मले घेऊन जा. तू विचारलं, "राजूरले कधी जाता?" मी तुले मगरीनं पाय धरलेल्या गजेंद्राची गोष्ट सांगितली. डोळ्यांत पाणीही आणलं. शेजारच्या बायका कुडापाशी थांबून ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर तू एवढंच म्हणाली, "हत्तीसाठी देव धावला. पोरीसाठी बाप कवा धावन?"

मी म्हटलं वरणात मीठ जास्त झालं. मंग तुझ्या भावाचं जुनं भांडण उकरलं. तू भांडी उचलून आत गेली, अन् आपण जिंकलो असं समजून मी हात धुतले.

आज टाळ पुसताना ध्यानात आलं. आमचे बुवा निरूपणात कितीही दूर गेले तरी फिरून मूळ अभंगावर येतात. मी तुझ्या प्रश्नावर परत आलोच नाही. खरं सांगतो, व्याह्याच्या दारात उभं राहायचं मले भेव वाटते. तू नाही म्हणत असताना ते लग्न मीच जुळवलं.

आता सकाळच्या मोटारीनं निघतो. तिले घेऊनच येईन. बैलांना पाणी पाजलं आहे. संध्याकाळी दिवा लावशील तवा माझी काळजी नको करू. शेवंताची तेवढी देवाले आठवण करून देजो.