हुकमाचं हसू

धाकट्या सुल्मास, मोंतेविदेओहून दादाचे आशीर्वाद.

अर्धांगाचा झटका ओसरला, हातपाय शाबूत आहेत. तोंडाची डावी बाजू मात्र संपावर आहे. डॉक्टरीणबाई रोज "हसा" म्हणतात आणि अर्धंच तोंड हसतं. शाळेतली कविता म्हणावी, तर ओळी ओठांतून ओघळतात. वैताग आलाय! तुझ्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला फोटोत हे वाकडं तोंड घेऊन उभा राहू?

सरावाला "आभारी आहे" शंभरदा म्हणायचं. काल वॉर्डात माते चहाचा भोपळा हातोहात फिरत होता, सगळे त्यातूनच आळीपाळीने पितात, तेव्हाही मी पुटपुटत होतो. शेजारच्या बाउदिलियोने मला चारदा वगळलं. मी भडकलो, तर म्हणतो, "म्हाताऱ्या, मातेच्या फेरीत आभार मानले म्हणजे 'मला आता पुरे'. तुझं तर शंभरदा पुरे झालं!"

मला हसू फुटलं, आणि ओठांचा डावा कोपराही वर गेला! बाई म्हणाल्या, चेहरा हलवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात धडधाकट आहेत. त्यांच्याकडे हुकूम नेणारी वाट तुटलीय, खऱ्या हसण्याची वाट वेगळी आहे, ती शाबूत आहे.

म्हणून फोटोवाल्याला "हसा" म्हणू देऊ नकोस. मास्तरांची टोपी बोकडाने खाल्ली होती ना? तेवढं माझ्या कानात सांग.

भावजींचा गुडघा कसा आहे?

अर्ध्या तोंडाचा, पण पुरता तुझाच,
अनिबालदादा