आवक, जावक आणि फायरवॉल

२ मे, सकाळी ७
नेट रांगतंय. राउटरच्या ॲपमध्ये पाहिलं तर पंधरा उपकरणं जोडलेली. आमची चार: माझा, बायको मनकर्णाचा आणि मुलगी वैष्णवीचा असे तीन फोन, शिवाय वैष्णवीचा लॅपटॉप. उरलेली अकरा कुणाची? हॅकर. बहुतेक परदेशी.
२० तारखेला साडेअकराला वैष्णवीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, पुण्याच्या कंपनीचा. पोरीनं वर्षभर वाट पाहिलीय. त्याआधी घराला फायरवॉल बसवणार. स्वतः. पंचायत समितीत बावीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आत काय यावं, बाहेर काय जावं, हे मला कुणी शिकवू नये.

४ मे
फायरवॉलला वेगळा छोटा कॉम्प्युटर लागतो. त्याला लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल खुपसायच्या जागा, दोन. एक आवक, एक जावक. सोनपेठ स्टँडजवळ सिद्धोधनचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे, त्याला विचारलं. म्हणाला, काका, आधी पासवर्ड तर बदला की, गल्लीतलेच असतेल समदे. हसू आलं. पासवर्डात वैष्णवीचं नाव आणि जन्मसाल, मधे भोपळ्याएवढं @. कुणाच्या बापाला सापडायचा नाही. पोरगा चांगला आहे, दृष्टी लहान.

६ मे
माळ्यावरचा जुना डेस्कटॉप उतरवला. चालू करताच मनकर्णानं आतून विचारलं, गिरणी कुठं सुरू झाली. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर वीस मिनिटांत बसला. रद्द.
पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड पाहिला. पोर्ट एकच. एकाच खिडकीतून आवक-जावक केल्यावर ऑफिसचं काय होतं, मी भोगलंय. रद्द.

९ मे
निर्णय झाला. बिनपंख्याचा मिनी पीसी. आवाज नाही, वीज कमी, पोर्ट चार. वैष्णवी म्हणाली, पप्पा, दोनच लागतेत ना? उरलेले दोन भविष्यासाठी, असं सांगितलं. मान हलवत आत गेली. पटलं असावं.

१३ मे
पार्सल आलं. जेवणाच्या डब्याएवढं. वरून उष्णता जायला पट्ट्यापट्ट्या. मनकर्णानं हळदकुंकू वाहिलं. टीव्हीला आणि मिक्सरला आहे तसं क्रोशाचं झाकण विणायला घेतलं. दुहेरी वीण मीच सांगितली. धुळीचा प्रश्न मिटला.

१५ मे, दुपारी
फायरवॉल चालू. उपकरणं चार. ऊर भरून आला. (पासवर्डही बदलला, बावीस अक्षरी. सिद्धोधन म्हणाला म्हणून नाही, प्रक्रियेचा भाग म्हणून.)
अर्ध्या तासात शेजारच्या लक्ष्मीबाई दारात. नेट गेलं का वो तुमचं, मोबाईलवरली शिरेल थांबली आमची. चौकशीत निघालं की गल्लीला पासवर्ड मनकर्णानंच वाटला होता. जाब विचारला तर म्हणे, इरजण मागाया आलेल्या बाईला न्हाई म्हनतेत का? हॅकर नव्हते, पण असू शकले असते. फायरवॉल योग्यच.

१७ मे
लक्ष्मीबाईंनी स्वतःचं कनेक्शन घेतलं. साधा राउटर, खिडकीत उघडा. कीव आली.
आमचा डबा मात्र दुपारी बाराला बंद पडतो, चारला उठतो. हात लावला तर तवा. सिद्धोधनला फोन केला. म्हणाला, त्याच्यावरचं कापड काढा आधी, काका. कापडाचा इंटरनेटशी काय संबंध? इंटरव्ह्यू साडेअकराला आहे, बाराच्या आत उरकेल.

२० मे, दुपारी १२
ऊन चव्वेचाळीस. अकरा छत्तीसला डबा बंद. वैष्णवी स्वतःची ओळख सांगत होती, तशीच तोंड उघडं ठेवून बसली. केबल जुन्या राउटरला लावली, पण त्याच्या सेटिंग मीच बदललेल्या. त्या परत फिरवायलाही तोच नवा पासवर्ड; बावीसपैकी एकोणीस अक्षरं आठवली. फोनला रेंज फक्त गच्चीवर. पोरीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. लॅपटॉप उचलून लक्ष्मीबाईंकडं पळाली.

संध्याकाळी ६
कंपनीवाले थांबले होते. इंटरव्ह्यू चांगला झाला म्हणते, दीड तास चालला. नेटला काय झालं, असं त्यांनी विचारलं; घरी काम चालू आहे म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. तिच्यासमोर जायची लाज वाटतेय.
आभार मानायला गेलो तर लक्ष्मीबाईंनी न मागता पासवर्ड सांगितला. एक ते आठ. सुरक्षिततेच्या नावानं बोंब. फोनला टाकला, लगेच लागला. सध्या त्यावरच पंखेवाल्या मिनी पीसीचे व्हिडिओ बघतोय.